सातचा भोंगा, घरातला फोन आणि माझं चुकलेलं एक वाक्य

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात या गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाइल आणि टीव्ही बंद राहतील. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा, की झालं. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा ताई, निवृत्त शिक्षक अशी मंडळी घरोघरी जाऊन लोकांना समजावत होती. वर्तमानपत्रांत बातमी आली, मग देशभर गाजली.

ही बातमी मी वाचली तेव्हा माझ्या संशोधनाचा आराखडा लिहून तयार होता. विषय होता कुटुंब आणि डिजिटल साधनं. बातमी वाचून मला आनंद झाला, कारण आराखड्याचं पहिलंच वाक्य त्यातून सिद्ध होतंय असं वाटलं. ते वाक्य होतं, 'स्मार्टफोनच्या प्रसारामुळे कुटुंबातील संवाद कमी झाला आहे.'

माझ्या मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं एकच ओळ लिहून कागद परत दिला. 'आधी किती होता?'

तुमच्यापैकी बरेच जण सध्या आराखडे लिहीत असाल. या किंवा अशाच विषयावर लिहीत असाल तर तुमच्याही कागदावर हे वाक्य कुठेतरी असेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. त्या तीन शब्दांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला काय सापडलं, ते आज सांगते.

आधी काय होतं?

कमी झाला, वाढला, बिघडला ही सगळी क्रियापदं इतिहासाची आहेत. ती वापरली की तुम्ही दोन काळांची तुलना करता. आणि तुलना करायची तर पहिला काळही तितक्याच कष्टानं अभ्यासावा लागतो. आपण मात्र आजच्या काळासाठी सर्वेक्षण करतो आणि आधीच्या काळासाठी आठवणींवर भागवतो. तिथेच घोटाळा होतो.

मग आधीचा काळ बघू. घरात रेडिओ आला तेव्हा तो सरकारदरबारी नोंदवलेली वस्तू होता. त्यासाठी पोस्टात दरवर्षी लायसनचे पैसे भरावे लागत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतर ज्यांच्या घरी टीव्ही आला त्यांनी तो बैठकीच्या खोलीत, बहुतेक वेळा लाकडी कपाटात, सरकत्या दारांच्या आड ठेवला. वर विणलेला रुमाल. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, तेव्हा ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांच्या घरी शेजारपाजारची मुलं जमिनीवर बसून बघायची. टेलिफोनसाठी तर वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. ज्यांच्याकडे तो नव्हता ते कोपऱ्यावरच्या पिवळ्या एसटीडी-पीसीओत जात आणि समोरच्या मीटरवर आकडे पळताना बघत बोलत.

या सगळ्या साधनांना घरात एक ठरलेली जागा होती आणि एक ठरलेली वेळ होती. त्यामुळे मुलांसाठी वेगळे नियम फारसे करावेच लागत नव्हते. टीव्ही बैठकीत होता, म्हणजे आजोबांसमोर बघायचा. कार्यक्रम संपला की टीव्ही संपला. फोन भिंतीपाशी, वायरीला बांधलेला, म्हणजे जे बोलायचं ते सगळ्यांच्या कानांदेखत. आज ज्याला पालकांचं नियंत्रण म्हणतात, ते तेव्हा निम्मं वस्तूच करत होती.

इथपर्यंत आलं की एक मोह होतो. किती छान होतं, सगळे एकत्र होते, असं लिहावंसं वाटतं. मीही लिहिणार होते. पण त्याआधी, तयारी म्हणून, पहिली मुलाखत मी घरातच घेतली. आईची.

एसटीडी लॉकचा नंबर

आमच्याकडे फोन १९९६ साली आला. कराडजवळच्या आमच्या गावात आमच्या आळीतला तो दुसरा फोन. मला आठवतं ते असं : लाल रंगाचा फोन, शेजारी दोरा बांधलेलं पेन, नंबरांची डायरी. रात्री उशिरा एसटीडीचा दर उतरायचा, म्हणून तोवर जागून नाशिकच्या मावशीला फोन लावायचा आणि आम्ही भावंडांनी आळीपाळीनं दोन-दोन वाक्यं बोलायची. माझ्या डोक्यातला 'पूर्वीचा कुटुंबातला संवाद' म्हणजे हे चित्र होतं.

आईला मी म्हटलं, फोनच्या आठवणी सांग. ती म्हणाली, "आठवणी कसल्या, एसटीडी लॉकचा नंबर तुझ्या बाबांकडे असायचा."

मला हे माहीतच नव्हतं. बाहेरगावी फोन लावायचा तर आधी एक गुप्त आकडा दाबून लॉक काढावं लागे, आणि तो आकडा फक्त बाबांना ठाऊक होता. बिल जास्त येऊ नये म्हणून. हेतू वाईट नव्हता. पण त्याचा अर्थ असा, की आईला तिच्या सख्ख्या बहिणीशी बोलायचं तर बाबा घरी असायला हवेत, त्यांनी लॉक काढायला हवं, आणि मग जे काही बोलणं ते बाबा, आज्जी आणि आम्ही दोघं ऐकत असताना. "मग काय बोलणार? पाऊस झाला का, मुलं बरी आहेत का. ठेव आता," आई म्हणाली. आजीच्या शेवटच्या आजारपणात मावशीला काय काय सोसावं लागलं, ते आईला कित्येक महिन्यांनी, प्रत्यक्ष भेटीत कळलं.

आता आई आणि मावशी रोज दुपारी व्हिडिओ कॉल करतात. कणीक मळताना फोन डब्याला टेकवून ठेवलेला असतो. आई म्हणते तसं, लग्नानंतर तीस वर्षांत बहिणीशी जेवढं बोलले नसेन तेवढं या पाच वर्षांत बोलले.

आता सांगा, संवाद कमी झाला? कुणाचा? कुणाशी? बाबा तर म्हणतात, घरात कुणी कुणाशी बोलतच नाही. तेही खोटं बोलत नाहीत. एकाच छपराखाली दोन इतिहास आहेत आणि माझ्या आराखड्यात त्यातला एकच होता. तो नेमका ज्याच्या हातात लॉकचा नंबर होता, त्याचा.

अमेरिकेतल्या टेलिफोनच्या इतिहासात याला जोड सापडते. क्लॉड फिशर यांचं 'अमेरिका कॉलिंग' (१९९२) हे पुस्तक जरूर वाचा. सुरुवातीला टेलिफोन कंपन्यांना वाटत होतं की फोन हे धंद्याचं आणि कामाचं साधन आहे. बायकांनी त्यावर गप्पा मारणं त्यांना उधळपट्टी वाटे. तरी बायकांनी, विशेषतः लांबच्या शेतघरांमधल्या बायकांनी, तो नात्यागोत्यासाठी वापरला. शेवटी कंपन्यांनाच आपल्या जाहिराती बदलाव्या लागल्या. साधन कशासाठी आहे हे बनवणारा ठरवतो खरं, पण त्याच्यावरच सगळं थांबत नाही.

एक फोन, अनेक हात

भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झालं, कोलकात्याहून ज्योती बसू आणि दिल्लीत सुखराम यांच्यात. पण तो सर्वसामान्य घरात यायला काही वर्षं गेली, कारण आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि चित्र पालटलं. त्याच सुमाराला रिलायन्सनं ५०१ रुपये भरून हँडसेट देण्याची योजना आणली.

इनकमिंग फुकट आणि आउटगोइंगला पैसे, या फटीतून मिस्ड कॉल जन्माला आला. तुमच्यातल्या थोड्या मोठ्यांना आठवत असेल. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. आईवडील आणि बाहेरगावी शिकणारी मुलं यांच्यात अशा खुणा घरोघरी ठरलेल्या होत्या. आफ्रिकेत यालाच 'बीपिंग' म्हणत आणि त्याच्या अलिखित नियमांवर जोनाथन डॉनर यांनी २००७ साली शोधनिबंध लिहिला. कुणी कुणाला मिस्ड कॉल द्यायचा आणि पैसे कुणी खर्च करायचे, यात नात्यातली उतरंड स्पष्ट दिसते. मुलानं बापाला मिस्ड कॉल दिला तर चालतं. बापानं मुलाला दिला, की मुलगा कमावता झाला असं समजायचं.

पुढचं तुम्ही अनुभवलंच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या.

इथे आकडे नीट वाचायला शिका, म्हणून थोडं थांबते. 'असर' हे ग्रामीण भारतातलं शिक्षणाचं सर्वेक्षण तुम्हाला माहीत असेल. त्यानुसार शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, २०२० मध्ये ६१.८ टक्के आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के. दोन-तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट. अनेक जण इथेच थांबतात आणि 'डिजिटल क्रांती' असं उपशीर्षक देऊन टाकतात.

पण त्याच २०२१ च्या अहवालात आणखी एक आकडा आहे. घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. फोन घरात आहे याचा अर्थ फोन मुलाच्या हातात आहे असा नाही. माझ्या भावाच्या घरी हेच झालं. फोन एकच, दादा तो घेऊन सकाळी कामावर जायचा. शाळेचा अभ्यास ग्रुपवर सकाळी नऊला पडायचा आणि माझी भाची तो रात्री साडेआठला उघडायची. 'आज उपस्थित नव्हती' असा शेरा तिच्या नावापुढे किती दिवस पडत राहिला. ती हजर होती हो, फोन हजर नव्हता. तेव्हा तिला आधार झाला तो जुन्या टीव्हीचा. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली, ती तिनं बघितली. ज्या साधनाला ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ होती, ते अशा वेळी परत कामाला आलं, हे मी टिपून ठेवलं.

आणखी एक आकडा. २०२३ च्या 'असर'मध्ये १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये १९.८ टक्के. आमच्या घरातला एसटीडी लॉकचा नंबर आठवला ना? लॉक गेलं, नंबर गेला, पण कुणाच्या हातात काय द्यायचं हा घरातला जुना निर्णय या आकड्यात जिवंत आहे.

काम कुणाचं वाढलं?

टाळेबंदीच्या काळात आणखी एक बदल झाला, त्याकडे संशोधकांचं लक्ष कमी जातं. शाळा पालकांच्या फोनमध्ये आली आणि शाळा उघडल्यावरही ती तिथून गेली नाही. आज गृहपाठ, सूचना, फी, सहलीची संमती, उद्या पांढरे कपडे घालून पाठवा, सगळं ग्रुपवर. ते वाचणं, लक्षात ठेवणं, उत्तर देणं, बहुतेक घरांत आईच्या वाट्याला आलं.

रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं 'मोअर वर्क फॉर मदर' (१९८३) इथे उपयोगी पडतं. अमेरिकी घरात वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर आले, तरी बाईचं काम का संपलं नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी दाखवलं की यंत्रांनी पुरुषांची, मुलांची, नोकरांची घरातली कामं कमी केली, आणि त्याच वेळी स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या. त्या पुऱ्या करायला उरली ती एकटी बाई. आता वॉशिंग मशीनच्या जागी शाळेचा ग्रुप ठेवून बघा. आणि गंमत अशी, की रात्री दहाला ग्रुपवर सूचना वाचणारी आई बाकीच्यांना 'सारखी मोबाइलवर' दिसते. तुमच्या प्रश्नावलीत 'आई रोज किती तास मोबाइल वापरते' एवढाच प्रश्न असेल तर हे काम वापर म्हणून मोजलं जाईल. काम म्हणून कधीच नाही.

वाचून दाखवणारी मुलं

मार्क प्रेन्स्की यांनी २००१ साली 'डिजिटल नेटिव्ह' हा शब्द आणला. नवी पिढी या जगात जन्मलेली, मोठी माणसं बाहेरून आलेली, अशी मांडणी. शब्द आकर्षक आहे, म्हणून प्रत्येक आराखड्यात घुसतो. तुम्ही तो जपून वापरा. त्यात असं गृहीत धरलं आहे की मुलांनी मोठ्यांना काही समजावून सांगणं ही नवीनच गोष्ट आहे.

कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले चाकरमानी गावी मनीऑर्डर पाठवत. फॉर्मच्या खालच्या भागात दोन ओळी लिहायला जागा असे. गावी त्या ओळी वाचून कोण दाखवायचं? पोस्टमन, नाहीतर घरातलं शाळेत जाणारं पोर. उत्तराचं कार्डही तेच लिहायचं. आई सांगणार, पोर लिहिणार, आणि काय गाळायचं ते थोडं पोरही ठरवणार. आज तेच पोर बँकेचा मेसेज वाचून दाखवतं, यूपीआयनं पैसे पाठवून देतं, सरकारी योजनेचा अर्ज भरतं, ओटीपी सांगतं. साधन बदललं. ज्या घरात मोठ्यांना व्यवस्थेची भाषा येत नाही, तिथे मूल मधला दुवा होतं, ही गोष्ट जुनीच आहे.

म्हणूनच अशा घरातल्या आईबापांना मुलाच्या हातातून फोन काढून घेणं सोपं नसतं. ज्याच्यावर आपला व्यवहार अवलंबून आहे, त्याच्यावर नियम कसा लादणार? 'पालकांनी शिस्त लावावी' असं शिफारशींच्या प्रकरणात लिहिण्याआधी हा पेच ध्यानात घ्या.

पुन्हा वडगावला

आता तो सातचा भोंगा मला वेगळा ऐकू येतो. मी त्याला मुलांचं मोबाइलवेड रोखण्याचा उपाय समजत होते. पण भोंगा मुलांपुरता नाही. सात ते साडेआठ ही मराठी मालिकांची वेळ. म्हणजे आजी, आई, वडील, सगळ्यांनीच काहीतरी सोडलं आहे. जी ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा पूर्वी वस्तूच राखत होती, ती स्मार्टफोननं मोडली आणि तिची राखण एकेका घरावर, खरं तर एकेका आईवर, येऊन पडली. गावानं ती तिच्या एकटीच्या खांद्यावरून काढून सगळ्यांच्या मध्ये ठेवली. 'आई ओरडते म्हणून' फोन ठेवणं आणि 'भोंगा झाला म्हणून' ठेवणं, यात फरक आहे. दिवेलागणीला सगळ्या आळीतली पोरं पाढे आणि परवचा म्हणत तेव्हाही असंच होतं. कुणा एकाच्या घरचा तो नियम नव्हता.

त्यानं संवाद वाढला का? मला विचाराल तर मी आता विचारीन, कुणाचा, कुणाशी आणि आधी किती होता.

तुमच्या कामासाठी

चार गोष्टी सांगते, त्या मला चुकून शिकाव्या लागल्या.

पहिली, 'किती तास' या प्रश्नाच्या आधी 'कुणाचा फोन, कुणाच्या हातात, कोण ठरवतं' हे विचारा. फोन कुठे चार्जिंगला लागतो, रात्री कुणाच्या उशाशी असतो, पासवर्ड कुणाला माहीत आहे, या साध्या प्रश्नांतून घराचा नकाशा मिळतो.

दुसरी, कागद शोधा. जुन्या साधनांनी कागद मागे ठेवले आहेत : रेडिओची लायसन-पुस्तकं, टेलिफोनची बिलं, नंबरांच्या डायऱ्या, मनीऑर्डरच्या पावत्या. ट्रंकेतून, माळ्यावरून ते आत्ताच काढा, कारण घर रंगवताना हेच पहिल्यांदा रद्दीत जातं. आमच्या डायरीत मावशीचा नंबर आईच्या अक्षरात आहे आणि शेजारी बाबांच्या अक्षरात '९ नंतर' असं लिहिलंय. एका पानावर माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण आहे.

तिसरी, मुलांना आईवडिलांसमोर आणि बायकांना नवऱ्यासमोर प्रश्न विचारून मिळालेली उत्तरं वेगळी नोंदवा. ती खोटी नसतात, पण ती बैठकीतल्या फोनवरची उत्तरं असतात. आणि वेगळं बोलायचं तर परवानगी दोघांची घ्या, मुलाचीसुद्धा. त्यानं नको म्हटलं तर नको.

चौथी, स्वतःच्या आठवणीला पुरावा समजू नका. ती सुरुवात म्हणून ठीक आहे. लाल फोनभोवती गोळा झालेलं आमचं कुटुंब मला खरंच आठवतं आणि ते खरंच तसं बसायचं. पण त्या चित्रात आई काय बोलू शकत नव्हती, ते मला दिसलं नव्हतं. तेव्हा मी लहान होते, हे कारण चालेल. आराखडा लिहिताना मात्र मी एकोणतीस वर्षांची होते.

माझं ते पहिलं वाक्य मी खोडलं. आता तिथे लिहिलं आहे : 'घरात नवं साधन आलं की कोण कुणाशी, कुणाच्या परवानगीनं आणि कुणासमोर बोलू शकतं, याची घडी बदलते, ती कशी बदलली, याचा हा अभ्यास आहे.' वाक्य लांबलंय, मान्य आहे. बाईंनी या वेळी खाली काही लिहिलं नाही, नुसती बरोबरची खूण केली.

तुमचा आराखडा काढा आणि 'कमी झाला', 'वाढला', 'नाहीसा झाला' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. मग घरी फोन करून आईला विचारा, तुमच्याकडे फोन पहिल्यांदा आला तेव्हा तो लावायचा कोण.